रेस गाडीचं इंजिन ट्रॅकवर बघून देणारे सोलापूरचे मिस्त्री, ५ पैकी ४ स्टार

आधी निकाल सांगतो, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच निघा. रेसची, ऑटोक्रॉसची नाहीतर कॉलेजच्या टीमची गाडी असेल आणि घरी गुणी बाळासारखं चालणारं इंजिन ट्रॅकवर गेलं की नखरे करत असेल, तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक मिस्त्री आहेत, त्यांना दिवसाच्या बोलीवर सोबत घेऊन जा. इंजिन बांधायला त्यांच्याकडे द्यायचं का तो विषय वेगळा, त्यावर खाली लिहितो. पण बिघाड शोधून काढण्यात या माणसाचा हात धरणारा मी तरी आपल्या भागात बघितला नाही.

नाव-नंबर टाकत नाही कारण त्यांनीच बजावलंय, "नेटवर टाकू नका मालक, मग लोक स्कूटी घेऊन सर्व्हिसिंगला येतात." दुकानाला बोर्ड पण नाही. दोन्ही बाजूला टॉवेलचे कारखाने, मधे पत्र्याचं शेड, दिवसभर लूमचा खटाखटा आवाज आणि त्या आवाजात हा माणूस इंजिनावर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावून कुठला टॅपेट वाजतोय ते सांगतो. शोधायचं असेल तर त्या रोडच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात "रेसच्या गाड्यावाले मिस्त्री" एवढं विचारा, पोरगं नेऊन सोडतंय.

आमची गाडी जुनी मारुती एस्टीम. १२९८ सीसीचं जी-१३ इंजिन, एमपीएफआय, कंपनीतून आलं तेव्हा ८५ बीएचपीचं. आतलं सगळं काढून केज (सेफ्टीचा पाईपांचा पिंजरा) टाकलाय, बाहेरचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आहे आणि डॅशवर वाईडबँड मीटर, म्हणजे पेट्रोलला हवेचं प्रमाण किती ते दाखवणारं. हे इंजिन निवडायचं कारण म्हणजे देशात रेसिंगवाल्यांनी ते इतकं पिदडलंय की त्याची सगळी दुखणी लोकांना तोंडपाठ आहेत, एलजीबी नावाच्या देशी रेस सिरीजच्या सिंगल सीटरला पण मारुतीचंच १३०० सीसी इंजिन असतं. पार्ट मिळतात, स्वस्त मिळतात. त्यामुळे बिघाड झाला तर सापडेल असा आमचा भाबडा समज होता.

कोइम्बतूरजवळ चेट्टीपालयमला करी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा, रेसर आणि रेस गाड्या बनवणारे एस. करिवर्धन यांच्या नावाचा. आपल्याकडून विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळूर करत हजाराच्या आसपास किलोमीटर पडतं, ट्रेलरवर गाडी, डिझेल, टोल, मुक्काम सगळं धरून खिसा चांगलाच हलका होतो. एवढं करून तिथे गेल्यावर पहिले दोन-तीन लॅप गाडी मस्त आणि मग सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरला ५५०० आरपीएमच्या वर गेली की फाट फाट फाट मिसिंग. पिटमधे आणली की आयडलला एकदम शहाणी. रेस दिली तरी स्वच्छ. परत ट्रॅकवर सोडली की चौथ्या लॅपला तेच. ज्यांनी हे भोगलंय त्यांना माहितीये की यापेक्षा इंजिन सरळ फुटलेलं बरं, निदान कळतं तरी.

पुण्यातल्या एका ट्युनरला दाखवलं (नाव घेत नाही). त्याने लॅपटॉप लावला, लॉग बघितला, मीटर वरच्या आरपीएमला १६ च्या पुढे जातंय म्हणजे लीन आहे (हवा जास्त, पेट्रोल कमी) म्हणाला आणि मॅपमधे, म्हणजे ईसीयूतल्या पेट्रोलच्या तक्त्यात, पेट्रोल वाढवून दिलं. बिल भरभक्कम. पुढच्या वेळी मिसिंग अजून आधी सुरू झालं आणि गाडी सायलेन्सरमधून काळा धूर टाकायला लागली. परत फोन केला तर म्हणाला इंजिन खोलावं लागेल, व्हॉल्व्ह सीट गेल्या असतील. तेव्हा एका दोस्ताने या मिस्त्रींचं नाव सांगितलं.

आता मेन मुद्दा. हा माणूस पहिला अर्धा तास गाडीला हातच लावत नाही. आमच्या ड्रायव्हरला समोर स्टुलावर बसवलं आणि नुसते प्रश्न. गार असताना होतं की तापल्यावर? सरळ रस्त्यावर का वळणावर? वळणावर असेल तर डाव्या का उजव्या? टाकीत किती होतं तेव्हा? पाय थोडा मागे घेतला की जातं का? आरपीएमचा काटा पण नाचतो का गाडी नाचते आणि काटा नीट असतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदम कोणी बटण बंद-चालू केल्यासारखं होतं का हळूहळू दम सुटल्यासारखं? ड्रायव्हर वैतागला, म्हणाला मामा मी गाडी चालवू का हे बघत बसू. मिस्त्री म्हणाले, "मग इंजिन तूच बोलवून घे की बे, मला कशाला आणलास."

पण त्या प्रश्नांत सगळी गोम आहे ते नंतर कळलं. स्पार्क जातो तेव्हा झटका बसतो, खटकन जातो खटकन येतो. पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी ओढायची हळूच बंद होते, जोर मरतो, मग धक्के. काटा पण नाचत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिनाचा वेग मोजणारा) किंवा त्याची वायर बघायची कारण ईसीयूलाच आरपीएम नीट कळत नाहीये. काटा स्थिर आणि गाडीच नाचते म्हणजे सिग्नल बरा आहे, दुखणं पुढे कॉइल, वायर, प्लगकडे. आमचं उत्तर होतं: तापल्यावर, सरळ रस्त्यावर, फुल पायावर, खटकन, काटा स्थिर, पाय मागे घेतला की जातं. मिस्त्रींनी मान हलवली आणि म्हणाले ट्रॅकवरच बघू, इथे काही दिसणार नाही. इथे इंजिन न खोलता पैसे न घेता परत पाठवणारा मेकॅनिक मी पहिल्यांदा बघितला.

ट्रॅकवर त्यांनी एक जुनी युक्ती केली, जी आजकाल लॅपटॉपवाले विसरलेत. प्रॅक्टिस सेशनला, मार्शलना आधी सांगून, ड्रायव्हरला म्हणाले मिसिंग सुरू झालं की पाय तसाच दाबून ठेव, इग्निशन बंद कर, लगेच क्लच दाब आणि कडेकडेने गडगडत पिटमधे ये. इंजिन परत आयडलला येऊ द्यायचं नाही. कारण आयडलला आलं की प्लगवर आयडलचा रंग चढतो आणि फुल पायाचा पुरावा गेला. गाडी आली तशी मिस्त्रींनी बोनेट उघडून सगळ्यात आधी छोटं इन्फ्रारेड थर्मामीटर काढलं आणि एक्झॉस्टच्या चारही पाईपांवर बुडाशी एकेक करून धरलं. एक, दोन आणि चार जवळपास सारखे, तीन नंबर बराच गार. तिथेच म्हणाले, "तीन नंबर पगार घेतंय, काम करत नाही."

मग प्लग काढले. चारही काळे (पुण्याची कृपा), पण तिसरा काळा आणि वरून ओला, नाकाशी धरला की कच्च्या पेट्रोलचा वास. चौघांना ओळीने फडक्यावर मांडून त्यांनी आमच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं. प्लग म्हणतो पेट्रोल जास्त आहे, मीटर म्हणतं कमी आहे, दोघं एकाच इंजिनात बसून उलटं बोलतायत, मग खोटं कोण बोलतंय? उत्तर त्यांच्या भाच्याने दिलं, तो कॉलेजला आहे आणि लॉग बघायचं काम त्याचं. वाईडबँड मीटर पेट्रोल मोजतच नाही, ते एक्झॉस्टमधला उरलेला ऑक्सिजन मोजतं आणि त्यावरून हिशोब लावतं. एक सिलिंडर पेटलाच नाही तर त्यातली सगळी हवा जशीच्या तशी बाहेर येते, मीटरला ऑक्सिजन दिसतो आणि ते ओरडतं लीन लीन. तुम्ही पेट्रोल वाढवता, बाकीचे तीन सिलिंडर पण गुदमरतात, प्लग काळे होतात, मिसिंग वाढतं, मीटर अजून लीन दाखवतं. म्हणजे दुखणं स्पार्कचं आणि औषध पेट्रोलचं. फुल पायावर साध्या नॉन-टर्बो पेट्रोल इंजिनाला साडेबारा ते तेराच्या मधे मीटर हवं हे सगळ्यांना पाठ असतं, पण मिसिंग चालू असताना त्या आकड्याला काडीची किंमत नाही हे कोणी सांगत नाही.

प्लगमुळे आहे का वायरमुळे हे बघायला त्यांनी फक्त दोन आणि तीनचे प्लग अदलाबदल केले, बाकी कशाला हात लावला नाही. आमच्यातला एकजण म्हणाला वेळ नाहीये, प्लग वायर कॉइल सगळंच नवीन टाकू ना एकदम. त्यावर जे बोलणं बसलं ते इथे लिहिता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही आणि तेच दुखणं पुढच्या ट्रॅकवर परत येतं. पुढच्या सेशनला परत तीन नंबरच गार. म्हणजे प्लग निर्दोष.

आणि मग रात्री जे दाखवलं ते बघायला पिटमधली शेजारची टीम पण आली. लाईट बंद करून, इंजिन चालू ठेवून, फुलझाडांवर मारायची पाण्याची बाटली असते ना तिने प्लगच्या वायरींवर बारीक फवारा मारला. रेस दिली की तिसऱ्या वायरीवर, हेडच्या झाकणाला जी क्लिप आहे तिथे, निळी बारीक ठिणगी टिकटिक करत झाकणावर उडत होती. दिवसा हजार वेळा बघितली असती तरी दिसली नसती. क्लिपच्या खाली वायरीचं रबर घासून केसाएवढी चीर पडलेली. (घरी करून बघणार असाल तर वायरीला हात लावू नका, हजारो व्होल्ट असतात तिथे, आणि पेट्रोलची गळती नाही ना ते आधी बघा.)

मग आयडलला शहाणी आणि फुल पायावरच का बिघडते, हे पण त्यांनी समजावून सांगितलं आणि मला हे सगळ्यात आवडलं. आयडलला सिलिंडरमधे हवा कमी, दाब कमी, तिथे ठिणगी प्लगच्या फटीतून सहज उडी मारते. फुल पाय दिला की सिलिंडर गच्च भरतो, दाब वाढतो, त्या फटीतून उडायला जास्त व्होल्टेज लागतं. तेवढं व्होल्टेज चढलं की ठिणगी सोपा रस्ता शोधते आणि चिरेतून झाकणावर उतरते. त्यात वायर तापली की रबर अजून ढिलं. म्हणून पहिले दोन-तीन लॅप बरे जातात. नवीन वायर सेट, त्यावर उष्णता सोसणारी जाळीची स्लीव्ह, क्लिप दुसरीकडे आणि प्लगची फट १.१ वरून ०.८ एमएम. ईसीयूत जुना मॅप परत टाकला. व्हॉल्व्ह सीट जागच्या जागी आहेत, इंजिन अजून खोललेलं नाही.

हे झालं आणि आम्ही नाचलो, तर दुसऱ्या दिवशी वेगळंच दुखणं वर आलं जे पहिल्याच्या आड लपलं होतं. आता खटकन नाही, दम सुटल्यासारखं. मिस्त्रींनी पेट्रोलच्या लाईनला प्रेशर गेज टी करून लावलं आणि ते वायपरपाशी काचेवर टेपने चिकटवलं, ड्रायव्हरला दिसेल असं. पिटमधे ३ बारच्या जवळ, अगदी बरोबर. सरळ रस्त्याच्या शेवटी काटा पडत पडत दोनच्या खाली. मग मल्टीमीटर, तो पण पंप चालू असताना, खुद्द पंपाच्या टर्मिनलवर. बॅटरीला १३.८ आणि पंपाला साडेअकरा. मधे कंपनीची जुनी बारीक वायर आणि एक जळून तपकिरी पडलेलं कनेक्टर. बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज, रिले, पंपाची अर्थिंग वेगळी, एक तासात काम झालं. तिथे त्यांचं म्हणणं होतं की नुसतं व्होल्टेज आहे का हे बघून उपयोग नाही, लोड असताना किती उरतं ते बघायचं, आणि अर्थिंगची बाजू तर कोणी बघतच नाही. स्टार्टर मारताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत मीटर लावा, ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर आधी अर्थिंगची पट्टी घासा, मग सेन्सरच्या नावाने बोंबला.

प्रेशर बरंच सुधारलं पण पूर्ण नाही. घरी आल्यावर पेट्रोलचा फिल्टर त्यांनी करवतीने कापला आणि आतला कागद शेजारच्या कारखान्यातून आणलेल्या पांढऱ्या टॉवेलवर झटकला. काळी भुकटी आणि रबराचे कण, चहाच्या चोथ्याएवढे. टाकीपासूनचा रबरी पाईप आतून सोलत होता. जुन्या गाड्यांचे पाईप इथेनॉलसाठी बनलेलेच नाहीत, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. गंमत म्हणजे साखर कारखान्यांचा जिल्हा आपला, ऊस आपला, इथेनॉल आपलं आणि पाईप पण आपलाच फुगला. आता इंजेक्शन आणि इथेनॉल दोन्ही सोसणारा आर-९ मार्किंगचा पाईप टाकलाय, महाग आहे, पण टाका. भाच्याने एक अजून सांगितलं, मीटर आकड्यांवर न ठेवता लॅम्बडावर (आत्ताचं प्रमाण भागिले त्या पेट्रोलचं बरोबर प्रमाण) ठेवा. कारण शुद्ध पेट्रोलचा बरोबर आकडा १४.७ आणि ई-२० चा साडेतेराच्या आसपास, मीटरला यातलं काही कळत नाही, ते आपलं १४.७ चाच गुणाकार करून दाखवतं. लॅम्बडा १ म्हणजे १, पेट्रोल कुठलंही असो.

त्यांचा ट्रॅकला जायच्या आधीचा चेकअप पण घ्या, १५०० रुपये. सगळे प्लग काढून, थ्रॉटल फुल उघडा ठेवून, बॅटरी फुल चार्ज असताना कॉम्प्रेशन. थ्रॉटल बंद ठेवून कॉम्प्रेशन घेणारे आणि मग रिंगा गेल्या म्हणून घाबरवणारे मी या डोळ्यांनी बघितलेत. आमचे चारही सिलिंडर १८० ते १८५ पीएसआयच्या मधे आले. एखादा कमी आला तर चमचाभर ऑइल घालून परत बघतात, वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट. शंका असेल तर लीकडाउन, म्हणजे पिस्टन वर आणून हवा भरायची आणि ती कुठून पळते ते ऐकायचं. थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्टचा, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमधे बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. १० टक्क्यांच्या आत गळती असेल तर बिनधास्त जा, २० च्या पुढे असेल तर ट्रेलरचं भाडं वाचवा. हे ऐकायचं काम मात्र ते दुपारी जेवणाच्या सुट्टीत करतात, तेव्हा शेजारचे लूम बंद असतात.

कॉलेजच्या पोरांनी हा पॅरा वाचा. फॉर्म्युला भारत (कॉलेजच्या टीमांनी बनवलेल्या रेस गाड्यांची स्पर्धा) जानेवारीत कोइम्बतूरलाच होते आणि आपल्याकडच्या टीमा बहुतेक केटीएम ३९० चं ३७३ सीसी इंजिन टाकतात. त्यात दोन दुखणी ठरलेली आहेत असं मिस्त्री सांगतात. एक, ऑइल. बाईक वळणावर झुकते म्हणून ऑइल संपच्या (खाली ऑइल साठतं त्या भांड्याच्या) तळाशीच राहतं, तेच इंजिन चार चाकांच्या गाडीत उभं बसवलं की वळणावर ऑइल एका बाजूच्या भिंतीवर चढतं आणि पंप हवा ओढतो. लांब वळणावर ऑइलचा दिवा लुकलुकला तर तो सेन्सरचा फॉल्ट आहे असं स्वतःला सांगू नका, संपमधे बॅफल (ऑइल अडवणाऱ्या पट्ट्या) टाका, नाहीतर बेअरिंग जातील. दुसरं, नियमाप्रमाणे २० एमएमच्या रिस्ट्रिक्टरमधूनच (हवेची वाट अरुंद करणारी नळी) सगळी हवा जायला पाहिजे. त्याच्या पुढे कुठे रबरी जॉइंटला बारीक गळती असली तर आयडल वरखाली होतं, गाडी गरम झाली की अजून वाढतं, आणि पोरं रात्रभर मॅप बदलत बसतात. चालू इंजिनात रिस्ट्रिक्टरचं तोंड हाताने बंद करा, इंजिन लगेच मेलं पाहिजे. नाही मेलं तर लॅपटॉप मिटा आणि क्लॅम्प आवळा. एवढा सल्ला त्यांनी एका टीमला फुकट दिला, चहा पण स्वतःच पाजला.

पाण्याबद्दल पण त्यांचं ऐका. फॉर्म्युला स्टुडंटच्या, म्हणजे असल्या कॉलेज स्पर्धांच्या गाड्यांना कूलंट चालत नाही, साधं पाणीच लागतं, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं की बर्फासारखं घसरतं. आता साध्या पाण्यावर गाडी उकळायला लागली की सगळे पंखा आणि थर्मोस्टॅटच्या मागे लागतात, मिस्त्री आधी रेडिएटरची कॅप बदलतात. १.१ बारची कॅप धरत असेल तर पाणी १२० च्या वर जाईपर्यंत उकळत नाही, कॅपचं रबर गेलं की शंभरलाच उकळतं. मे महिन्यात दुपारी दोनला, सोलापूर ४३ ला टेकलेलं असताना, ते गाडी शेडबाहेर उन्हात तापवून बंद करतात, दहा मिनिटं थांबतात आणि परत स्टार्टर मारतात. तिथे चालू झाली तर कोइम्बतूरला रडणार नाही.

आता तक्रारी, कारण एक स्टार कापलाय तो उगाच नाही.

फोन उचलत नाहीत. रात्री नऊ ते दहा एवढ्यातच बोलतात, ट्रॅकवरून दिवसा फोन करून सल्ला मागायचा असेल तर विसरा. जीएसटी बिल नाही, त्यामुळे स्पॉन्सरला दाखवायला कागद लागत असेल तर अडचण आहे, आमची झाली. रिपोर्ट म्हणजे शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलेले आकडे, तुमच्या आधीच्या तीन गाड्यांचे पण तिथेच, मोबाईलने फोटो काढून घ्या नाहीतर पुढच्या वेळी पुसलेलं असतं. ईसीयूचं सगळं भाच्यावर आहे, त्याची परीक्षा असली की लॅपटॉपचं काम बंद. टर्बो गाडी किंवा हल्लीच्या नवीन गाड्यांचं कोडिंग करत नाहीत आणि तसं स्पष्ट सांगतात, त्याबद्दल मात्र मानलं पाहिजे. तोंड फटकळ आहे. ड्रायव्हरने प्रश्नाचं उत्तर "असंच काहीतरी होतं" असं दिलं की चारचौघांत काढतात, आमचा ड्रायव्हर आता सीटच्या बाजूला पेन आणि टेप लावून ठेवतो.

आणि इंजिन बांधायला देऊ नका. काम वाईट नाही, उलट फार चांगलं आहे, पण वेळेचा पत्ता नाही. एका दोस्ताचं हेड त्यांच्याकडे इतके महिने पडून होतं की पुढचा सीझन पण त्याने बघ्याच्या कठड्यावरून बघितला. बोअरिंग, हेड स्किमिंग वगैरे करायचं असेल तर कोल्हापूर गाठा, मशिनिंग तिथलं चोख आहे. बिघाड यांच्याकडून शोधून घ्यायचा आणि कापाकापी तिकडे.

रेट: ट्रॅकवर दिवसाचे ३५००, येण्याजाण्याचं आणि राहण्याचं आपल्याकडे. जेवणाचा त्रास नाही, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असते आणि पिटमधल्या निम्म्या लोकांना वाटतात. पत्र्याची एक पेटी आणतात, त्यात दोन गेज, मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प, टायमिंग लाईट, थर्मामीटर, पाण्याची बाटली. एवढंच. ऑनलाईन दहा हजाराचा जो "रेस डायग्नोस्टिक किट" मिळतो त्यातलं निम्मं सामान त्यांच्याकडे नाही आणि कधी लागलं पण नाही.

बुकिंग करायचं असेल तर दोन-तीन आठवडे आधी प्रत्यक्ष जाऊन करा आणि जानेवारीचं बघत असाल तर तारीख आधी नीट विचारा, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत संक्रांतीच्या आसपास ते सोलापूर सोडत नाहीत, कितीही पैसे देतो म्हणा. आम्ही एकदा म्हणून बघितलं, तर आम्हालाच नंदीध्वजाच्या मिरवणुकीला येण्याचं आमंत्रण मिळालं.